शिशाचं अक्षर

बाबासो शिंगट्यांनी आयुष्यभर लोकांचा श्वास रोखला. म्हणजे अगदी रीतसर, पगार घेऊन. "श्वास घ्या... रोखा... हलू नका... सोडा." नेरूळच्या एका नर्सिंग होममध्ये, एक्स-रेच्या खोलीत, एकतीस वर्षं दिवसाला चाळीस-पन्नास वेळा हे म्हणायचं, तर ते अंगात मुरणारच. भाचीच्या लग्नात फोटोग्राफर काही बोलायच्या आत बाबासोंच्या तोंडून "रोखा!" निघून गेलं आणि स्टेजवरच्या तेवीस माणसांनी छात्या फुगवल्या. तो फोटो अजून आहे. त्यात नवरदेव पाण्यात पडल्यासारखा दिसतो.

माणूस तसा साधा. मूळचा साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यातला. बोलणं कमी, मिश्या भरपूर. शर्टाच्या खिशात दोनच वस्तू कायम असायच्या, चष्म्याचं घर आणि शिशाचं एक अक्षर. एक्स-रे काढताना फिल्मच्या कोपऱ्यात उजव्या बाजूसाठी इंग्रजीतला 'आर' ठेवतात, डाव्या बाजूसाठी 'एल'. शिशातून किरण जात नाहीत, त्यामुळे काळ्या फिल्मवर अक्षर पांढरं उमटतं आणि डॉक्टर दुखऱ्या गुडघ्याऐवजी धडधाकट गुडघा उघडत नाहीत. नखाएवढी वस्तू, पण तिच्यावाचून फोटो उजवीकडचा की डावीकडचा, काही कळत नाही. बाबासोंचा 'एल' कधीतरी एका पेशंटच्या प्लास्टरबरोबर निघून गेला. 'आर' मात्र त्यांच्यासोबतच रिटायर झाला.

या धंद्यात एक कडक रिवाज आहे. फोटो काढणाऱ्याने फोटो काढायचा, वाचायचा नाही. हाड मोडलेलं शेंबड्या पोरालाही दिसत असलं तरी तोंड उघडायचं नाही. पेशंट विचारणारच, काय दिसतंय? उत्तर ठरलेलं, "डॉक्टर सांगतील." बाबासोंनी हा रिवाज इतका निष्ठेने पाळला की एकदा त्यांची बायको प्रेमला जिन्यावरून घसरली तेव्हा तिच्या मनगटाचा फोटो त्यांनी स्वतः काढला, दोन हाडं सरळसरळ मोडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि बायकोने विचारल्यावर शांतपणे म्हणाले, "डॉक्टर सांगतील." डॉक्टर पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते, ते साडेतीन तासांनी आले. प्रेमला त्यानंतर आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. मनगट सहा आठवड्यांत जुळलं, पण तो विषय अजून जुळलेला नाही. भाजीत मीठ जास्त झालं का, असं बाबासोंनी विचारलं की आजही उत्तर येतं, "डॉक्टर सांगतील."

दुसरी गोष्ट मात्र बाबासोंनी कधी कुणाला सांगितली नव्हती. उरणच्या मोरा बंदरावरची बायजाबाई नेरूळच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. जुन्या ओळखीची. एकदा खोकला घेऊन आली. छातीचा फोटो काढला तर डाव्या बाजूला लिंबाएवढी सावली. "काय दिसतंय रं भाऊ? खोकलाच हाय ना नुसता?" तिने विचारलं. बाबासो म्हणाले, "डॉक्टर सांगतील, मावशी," आणि तिला धीर वाटावा म्हणून हसले. बायजाबाईने ते हसणंच रिपोर्ट समजून घेतलं. धंदा सोडून कागद न्यायला परत कोण येतंय! ती आली ती अडीच महिन्यांनी, आणि तेव्हा डॉक्टरांकडेही सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. वर्षही काढलं नाही तिने. चूक कुणाची म्हणाल तर कागदोपत्री कुणाचीच नाही. पण बाबासोंना त्या हसण्याची लाज वाटायची, आणि पेशंटसमोर हसणं त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं.

तर असे हे बाबासो रिटायर होऊन सेक्टर सोळातल्या घरी बसले. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आलं-लसणाच्या पेस्टशेजारी, एक्स-रे फिल्मचा एक शेवटचा खोका ठेवून. नर्सिंग होममध्ये सगळं डिजिटल झालं तेव्हा हा खोका फेकणार होते, तो त्यांनी मागून आणला. वरची तारीख उलटून नऊ वर्षं झाली होती. प्रेमलाने दर दिवाळीला तो टाकायला काढायचा आणि बाबासोंनी परत ठेवायचा, हा त्या घरातला सण होता.

आता त्यांच्या लेकीकडे येऊ. प्रियदर्शिनी शिंगटे नेरूळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिच्या नावामागे डॉक्टर लागलं त्या दिवशी बाबासोंनी सोसायटीत पेढे वाटले होते. आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी लगेच गुडघा पुढे केला होता. ही डॉक्टर गुडघ्याची नव्हे, हे समजावण्यात अर्धा किलो पेढे गेले.

तिने तीन वर्षं खपून कॉलेजात एक यंत्र उभं केलं होतं. स्टीलचा गोल डबा, इडलीच्या मोठ्या पातेल्याएवढा. आतली हवा काढून टाकायची, जड हायड्रोजनचा चिमूटभर वायू सोडायचा आणि मधल्या तारेच्या पिंजऱ्याला पस्तीस हजार व्होल्ट जोडायचे. मग वायूतले अणू पिंजऱ्याकडे धाव घेतात, एकमेकांवर आपटतात, आणि लाखातले एखाददोन चिकटून एक होतात. सूर्यात हेच चालतं. काचेच्या छोट्या खिडकीतून पाहिलं तर आत जांभळा तारा पेटल्यासारखा दिसायचा.

"आता लाईट बिल कमी येणार म्हण की," प्रेमलाने विचारलं होतं.

"नाही आई. जितकी वीज यातून निघते त्याच्या कोट्यवधीपट जास्त आत घालावी लागते."

"मंग आपला गिझर काय वाईट होता?"

आता पुढच्या आठवड्यात कॉलेजचं प्रदर्शन होतं. नेरूळ ते कोपरखैरणेपर्यंतच्या शाळांची पोरं रांगेने येऊन हा तारा बघणार होती. त्याआधी शुक्रवारी कॉलेजची सुरक्षा समिती येऊन एकच प्रश्न विचारणार होती, या डब्यातून एक्स-रे किती बाहेर येतात? कारण इतक्या व्होल्टवर इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात, डब्याच्या भिंतीवर आपटतात, आणि आपटले की एक्स-रे निघतातच. एक्स-रेचं मशीनही दुसरं काही करत नाही. समितीचं समाधान झालं तर प्रदर्शन. नाही झालं, तर यंत्र उतरवून खोली रिकामी करून द्यायची, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. खोलीवर दोन विभाग डोळा ठेवून होते. तीन वर्षांचं काम खोक्यात भरून माळ्यावर, एवढाच त्याचा अर्थ होता.

प्रियदर्शिनीने अंदाज काढला होता. चाळीस पानांचा, आलेखांसकट. निष्कर्ष असा की भिंत तीन मिलिमीटर स्टीलची, खिडकीवर शिशाची काच, त्यामुळे बाहेर येणारे किरण जवळजवळ शून्य. सोमवारी दुपारी ती आईकडे जेवायला आली तेव्हा पानं सोबत होती. बाबासोंनी ती चाळली, काही कळलं नाही, आणि वांग्याच्या भाजीकडे वळत सहज विचारल्यासारखं विचारलं.

"केव्ही किती?"

"पस्तीस."

"मिलीअँपिअर?"

"दहाच. तुमच्या मशीनला शंभर असायचे, आबा."

"आणि चालवतेस किती वेळ?"

"एकदा लावलं की दहा मिनिटं."

बाबासोंचा घास हातातच राहिला. त्यांनी डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं.

"माझं मशीन शंभरचं, पण हाताच्या फोटोला सेकंदाचा विसावा भाग. शंभर गुणिले विसावा भाग, झाले पाच. तुझे दहा, गुणिले सहाशे सेकंद."

"सहा हजार."

"म्हंजे बाराशे हात. एका दमात तू बाराशे हातांचे फोटो काढतीस, प्रियू."

प्रियदर्शिनी हसली. मग तिचं हसणं जरा कमी झालं. "पण आबा, व्होल्टेज तुमच्यापेक्षा कमी आहे. भिंत जाड आहे. बाराशेतला एकही हात बाहेर येत नाही. गणित केलंय मी."

"गणित केलंस. बघितलंस का?"

"मीटर लावलं होतं. काटा हलला नाही."

"कुठलं मीटर?"

मीटर दुसऱ्या विभागाकडून मागून आणलेलं होतं. दांडगे किरण मोजायचं. त्याच्या नळीचं कवचच एवढं जाड की मऊ, म्हणजे कमी जोराचे किरण आत शिरायचेच नाहीत, आणि हे मीटरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेलं होतं. प्रियदर्शिनीला ते ठाऊक होतं. मऊ किरणांचं मीटर यायला महिना लागणार होता, आणि स्टील तर आहेच, असं तिने मनाशी धरलं होतं. शिकलेली माणसं अशीच अडकतात. अडाणी माणूस अंदाजावर विश्वास ठेवत नाही, कारण त्याला तो वाचताच येत नाही.

बाबासो हात धुऊन उठले आणि फ्रिज उघडला.

मंगळवारी सकाळी सेक्टर सोळाच्या रस्त्याने एक मिशाळ गृहस्थ भर उन्हात निळा शिशाचा एप्रन घालून चालत निघाले. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, पाच किलोचा. पिशवीत का नाही घातला? कारण शिशाच्या एप्रनची घडी घालायची नसते. घडी पडली की आतल्या शिशाला भेग जाते, आणि भेगेतून किरण. तो टांगायचा, नाहीतर घालायचा. एकतीस वर्षं बाबासोंनी हे नव्या पोरींना ओरडून शिकवलं होतं, आता स्वतःच घडी घालतील होय? रिक्षावाल्याने विचारलं, "काका, गॅरेज कुठं टाकलंय?" भाजीवाल्या बाईने विचारलं, "आज मटण तुमीच कापनार का?" कॉलेजच्या वॉचमनने काहीच विचारलं नाही. तो सरळ उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला.

यंत्राची खोली पाहून बाबासोंना सगळ्यात आधी दिसली ती एक खुर्ची. यंत्रापासून दीड-दोन मीटरवर, उजव्या बाजूला, चाकांची.

"इथं कोण बसतं?"

"मीच. इथून आकडे दिसतात. आणि पोरांच्या रांगेची दोरी या खुर्चीच्या मागूनच जाणार आहे."

बाबासोंनी पिशवी उघडली. आदल्या संध्याकाळी त्यांनी अंधारात फिल्मचे पत्त्याएवढे तुकडे कापून काळ्या कागदात दुहेरी गुंडाळले होते. एक तुकडा घरीच फ्रिजमध्ये ठेवला होता, नुसत्या म्हातारपणाने फिल्म किती काळवंडते ते कळायला. बाकीचे पाच त्यांनी यंत्राभोवती चिकटवले आणि प्रत्येकावर ओळखीला एकेक वस्तू. खिडकीसमोर रुपयाचं नाणं. वर किल्ली. मागे प्रेमलाची सेफ्टी पिन. डाव्या बाजूला तिचीच हेअरपिन. किरण आले तर वस्तूची सावली पडेल, नाही आले तर काही नाही. शेवटचा तुकडा त्यांनी खुर्चीच्या पाठीवर, माणसाची छाती येते त्या उंचीवर लावला. खिसा चाचपला. शिशाचा 'आर' काढला आणि त्याच्यावर चिकटवला. तो त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला वापरायला दिला नव्हता.

मग खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं. लेकीलाही. लांब वायर लावून बटण व्हरांड्यातून दाबायला लावलं. बटण दाबताना सवयीने त्यांच्या तोंडून "रोखा" निघालं आणि व्हरांड्यातल्या दोन प्राध्यापकांनी आणि एका शिपायाने श्वास रोखला. शिपाई चाळीस सेकंद टिकला, मग त्याने केविलवाणं विचारलं, "साहेब, दहा मिन्टं?"

दुपारी घरची बाथरूम डार्करूम झाली. खिडकीला काळा कागद, बल्ब लाल. फिल्म धुवायची औषधं, डेव्हलपर आणि फिक्सर, प्रेमलाच्या प्लास्टिकच्या डब्यांत, आणि डेव्हलपर थंड राहावा म्हणून खालच्या बादलीत फ्रिजमधला बर्फ.

"त्या डब्यांत परत मी पीठ ठेवायची न्हाई," प्रेमला बाहेरून म्हणाली.

"ठेवू पण नको. विष आहे ते."

"ऐकलंस का गं प्रियदर्शिनी, लग्नाला अडतीस वरसं झाली आन् आता इष घरात आणलंय."

लाल उजेडात बाबासोंनी पहिला तुकडा डेव्हलपरमध्ये सोडला. हे काम करताना त्यांना फार बरं वाटायचं. बऱ्याच वर्षांनी हाताला तो औषधाचा वास लागत होता. नाण्याचा तुकडा आला, नुसता फिकट राखाडी. नाणं नाही. किल्लीचाही तसाच. सेफ्टी पिन नाही, हेअरपिन नाही. घरी फ्रिजमध्ये बसून राहिलेला तुकडा लावून पाहिला, तोही तेवढाच राखाडी. म्हणजे म्हातारपण, बाकी काही नाही. पोरीचं गणित बरोबर होतं. बाबासोंच्या मिश्यांत हसू आलं.

पाचवा तुकडा सोडला. तो काळा होऊ लागला. हळूहळू, कडेपासून मध्यापर्यंत, सगळा. आणि मधोमध, स्वच्छ, कोरून काढल्यासारखा, पांढरा 'आर'.

बाबासोंनी हा 'आर' हजारो वेळा पाहिला होता. हातांशेजारी, गुडघ्यांशेजारी, मणक्यांशेजारी. या वेळी त्याच्याशेजारी काही नव्हतं, पण तिथे कोण बसतं ते त्यांना माहीत होतं. त्यांना भीती वाटली. तुकडा फिक्सरमध्ये टाकून ते स्टुलावर बसले.

दारावर टकटक झाली. "आबा? झालं का? काय दिसतंय?"

आणि एकतीस वर्षांची जीभ आपोआप वळली. "डॉक्टर सांगतील."

प्रियदर्शिनीने परत टकटक केली. मग स्वयंपाकघरातून प्रेमलाचा आवाज आला, "आवं, डॉक्टर दारातच हुबी हाय की! तिला कोन सांगनार? बघितलंय तर तुमीच!"

बाबासोंनी तुकडा फिक्सरमधून काढला. त्यांना मोऱ्याची बायजाबाई आठवली, टोपली खाली ठेवून विचारणारी. मग ते उठले, फिल्म धुतली, आणि दार उघडून ओल्या हाताने ती लेकीपुढे धरली.

"प्रियू, तुझ्या खुर्चीवर किरण येतात."

प्रियदर्शिनीने फिल्म खिडकीकडे धरली. आधी तिने भांडून पाहिलं. फिल्म जुनी आहे. बाबासोंनी बाकीचे पाच तुकडे पुढे केले. कागदातून उजेड शिरला असेल. मग 'आर' कसा आला, उजेडाला काळ्या कागदामागचं अक्षर दिसतं होय? ती खुर्चीत बसली. फिल्म मांडीवर.

"शुक्रवारी समिती आहे, आबा."

"माहितेय."

"हे दाखवलं तर संपलं. तीन वर्षं. सगळं माळ्यावर जाईल."

"जाईल," बाबासो म्हणाले. त्यांना हे म्हणताना वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं. हसले मात्र नाहीत. मग त्यांनी लेकीला बायजाबाईची गोष्ट सांगितली, लिंबाएवढ्या सावलीसकट आणि त्या हसण्यासकट. सांगायला फार वेळ लागला नाही. प्रेमला हातातली कणीक तशीच ठेवून दारात येऊन ऐकत होती. ती प्रथमच मनगटाबद्दल काही बोलली नाही.

"दाखवायचं," प्रियदर्शिनी शेवटी म्हणाली. "पण आधी कुठून येतात ते शोधायचं. आणि किती येतात ते."

किती, ते बाबासोंनी संध्याकाळी शोधलं. नर्सिंग होममध्ये त्यांच्या जागी आता दीक्षा होती, त्यांनीच शिकवलेली. तिच्या मशीनखाली त्याच खोक्यातले तुकडे ठेवून त्यांनी एकावर एका हाताचा मारा केला, दुसऱ्यावर दोन हातांचा, मग तीन, चार, सहा. धुतल्यावर फिकटापासून काळ्यापर्यंत शिडी तयार झाली. खुर्चीवरचा तुकडा त्या शिडीशी लावत गेले. तो तिसऱ्या पायरीवर चपखल बसला. ढोबळ अंदाज, पण डोळ्यांनी बघितलेला.

"तीन हात," त्यांनी फोनवर सांगितलं. "बाराशेतले तीन बाहेर येतात. तू त्या खुर्चीवर किती बसलीस?"

"या महिन्यात चाचणीसाठी पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. त्याआधी दाराशी उभी असायचे."

"म्हंजे सगळे मिळून दहा मिनिटं. तीन हात. घाबरू नको, मी एवढं लोकांना रोज द्यायचो." मग ते थांबले. "पण दिवसभर दोरीपाशी पोरं उभी राहणार असतील तर नाही. त्यांचे काही हात दुखत नाहीत, की फोटो काढावा."

बुधवारी दोघं यंत्राशी गेले. खुर्चीच्या बरोबर समोर, डब्याच्या बाजूला, एक गोल तोंड झाकण लावून बंद केलेलं होतं. पुढेमागे एखादा पंप जोडायला ठेवलेली जागा. नकाशात लिहिलं होतं, स्टील. रंगही सगळ्या डब्यासारखाच करडा. बाबासोंनी झाकणावर बोटाने टकटक केलं, डब्यावर केलं, परत झाकणावर केलं. मग घराची किल्ली काढून झाकणाच्या कडेला ओरखडा काढला. किल्ली मऊ साबणात गेल्यासारखी आत गेली.

प्रियदर्शिनीने महापेच्या वर्कशॉपला फोन लावला. तिथल्या शिवाने आनंदाने उचलला. "हां मॅडम! अर्जंट म्हनला होता ना तुमी? ते स्टीलचं झाकन पंधरा दिवस लागनार होतं. मी अल्युमिनियमचं मारून दिलं, वरनं सेम कलर. फिटिंग एकदम टाइट हाय, हवा पन जानार न्हाई!"

हवा जात नव्हती, हे खरंच होतं. प्रियदर्शिनीला त्याच्यावर रागावता येईना, कारण घाई तिनेच केली होती आणि झाकण आल्यावर हातात घेऊन तोलून तिनेही बघितलं नव्हतं. ॲल्युमिनियम मऊ किरणांना फारसं अडवत नाही. चाळीस पानांत भिंत स्टीलची होती. प्रत्यक्षात ती तेवढं एक झाकण सोडून स्टीलची होती.

शिवाने बाकीची कामं बाजूला सारून, रात्रभर जागून, गुरुवारी सकाळी स्टीलचं झाकण स्वतः आणून बसवलं, कान पकडून. दुपारी परत पाच तुकडे, परत नाणं, किल्ली, पिना. खुर्चीवर परत 'आर'. परत व्हरांडा. शिपाई या वेळी आधीच पळून गेला होता.

पाचवा तुकडा डेव्हलपरमध्ये पडला तेव्हा बाबासोंनी खरोखर श्वास रोखला. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. फिल्म राखाडीच राहिली. कोरी. नोकरीत असताना कोरी फिल्म आली की मेट्रन पूर्ण मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडायची, फिल्म वाया घालवली म्हणून. बाबासो त्या कोऱ्या तुकड्याकडे लाल उजेडात बघत बसले. इतका चांगला फोटो त्यांनी आयुष्यात काढला नव्हता.

"काय दिसतंय, आबा?"

"काही नाही," ते म्हणाले. "काहीच दिसत नाही गं."

शुक्रवारी समिती आली. अध्यक्ष सुनीती मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर, हसणं वर्ज्य. प्रियदर्शिनीने त्यांच्यापुढे आधी तो काळा तुकडा ठेवला, मग कोरा. सगळं सांगितलं, मीटरचं, झाकणाचं, घाईचं. बाबासो मागच्या बाकावर एप्रन घालून बसले होते, कारण एप्रन ठेवायला खोलीत खुंटी नव्हती. सुनीती मॅडमनी 'आर' उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"नुसती चाळीस पानं घेऊन आला असतात तरी मी आज सही केली असती," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या आठवड्यात पोरं इथे उभी राहिली असती." त्यांनी शिडीचे तुकडे एकेक करून लावून पाहिले. "प्रदर्शन होऊ दे. प्रत्येक दिवशी खुर्चीवर आणि दोरीवर अशी फिल्म लावायची आणि संध्याकाळी मला दाखवायची. यंत्र खोलीत राहील." मग त्यांनी अहवालाचं शेवटचं पान उलटलं. "इथे सही राहिलीये."

प्रियदर्शिनीने पान मागच्या बाकाकडे नेलं. बाबासोंनी चष्मा लावला. पानावर छापलेलं होतं: *फिल्मद्वारे किरणांचा अंदाज. छायाचित्रण व वाचन: बाबासो शिंगटे.*

त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या हातून लाखभर फोटो गेले असतील. त्या प्रत्येकाच्या खाली सही दुसऱ्याची होती. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असलं तरी ते त्यांना आत्ताच कळत होतं.

"वाचन पण?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाचलं कुणी, आबा?" लेक म्हणाली.

अशा सहीची सवय नव्हती, त्यामुळे 'शिंगटे'मधलं टिंब भलतीकडेच पडलं. सुनीती मॅडमनी ते तसंच चालवून घेतलं.

घरी आले तेव्हा प्रेमला जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. नवऱ्याच्या अंगावर एप्रन, डोळे लाल, मिश्या ओल्या. ती पुढे धावली.

"आवं, काय झालं? ठेवलं का मशीन? का काढायला लावलं? बोला की!"

बाबासो पायरीवर थांबले. त्यांनी खिशावर हात ठेवला, 'आर' जागेवर असल्याची खात्री केली आणि मागून जिना चढत असलेल्या लेकीकडे बोट दाखवलं.

"डॉक्टर सांगतील," ते म्हणाले. आणि प्रेमलासमोर, कितीतरी वर्षांनी, मोकळेपणी हसले.